मोहल्ल्याला कसला डॉक्टर हवा?

नीटचा निकाल लागला की मुस्लिम मोहल्ल्यांतून अभिनंदनाचे बॅनर झळकतात. नमाज सुटल्यावर मशिदीबाहेर कुणाच्या मुलीला किती मार्क पडले, कुणाला कोणतं कॉलेज मिळेल, याची चर्चा रंगते. जमातींचे, ट्रस्टचे गुणगौरव सोहळे होतात. रिक्षाचालकाची, यंत्रमाग कामगाराची, फळं विकणाऱ्याची लेक सरकारी मेडिकल कॉलेजात पोचते, ही गोष्ट छोटी नाही. २०११च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत मुसलमान १४.२ टक्के. २०२०-२१च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात मात्र विद्यार्थ्यांमधला त्यांचा वाटा जेमतेम ४.६ टक्के. एवढ्या खोल दरीतून वर येणाऱ्या प्रत्येकाचं कौतुक व्हायलाच हवं.

पण हारतुरे झाल्यावर एक प्रश्न विचारायचा राहून जातो. हा डॉक्टर पुढं काय करणार? उत्तर सगळ्यांना पाठ आहे. एमबीबीएस, मग एमडी किंवा एमएस, मग शहरातल्या चांगल्या वस्तीत हॉस्पिटल. त्यात गैर काहीच नाही. तरीही माझं म्हणणं असं की या मुलामुलींपैकी काहींनी वैद्यकीय शिक्षणाला आणखी एका पदवीची जोड द्यावी, सार्वजनिक आरोग्याची, आणि त्यातही आरोग्य समतेवर भर देणारी. समाजानं त्यांना त्यासाठी पैसा आणि मान दोन्ही द्यावेत.

समता आणि समानता या दोन शब्दांत आपण गल्लत करतो. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाला सारखी गोळी देणं ही समानता झाली. गोळ्यांचा कोर्स पुरा करूनही एका वस्तीत क्षय पुन्हा पुन्हा का परततो, हे शोधून ते कारण दूर करणं म्हणजे समता. पहिलं काम एमबीबीएस शिकवतं. दुसऱ्यासाठी वेगळी नजर लागते.

गोवंडीचं उदाहरण घ्या. मुंबई महापालिकेचा एम-पूर्व विभाग म्हणजे देवनारचं डम्पिंग ग्राउंड, कत्तलखाना, दाट झोपडपट्ट्या आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या इमारती. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग शहरात सर्वांत तळाला होता. इथं मुसलमान आणि दलितांची मोठी वस्ती आहे. इथल्या नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या केल्या आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. २०१८मध्ये इथल्या तीन वसाहतींचा तुलनात्मक अभ्यास झाला. जिथं ऊन आणि हवा खेळत नाही तिथं क्षयाचं प्रमाण कितीतरी जास्त आढळलं. म्हणजे रोग जंतूंमुळे होतो हे खरं, पण त्याला घर बांधून दिलं ते नियोजनकारांनी.

दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला हे दिसेलच असं नाही. त्याच्या समोर खोकणारा रुग्ण येतो, तो औषध लिहून देतो. त्याच्याकडे अंश असतो, छेद नसतो. आज वीस रुग्ण आले हे त्याला ठाऊक असतं. ते वीस किती लोकांमधून आले, कोणत्या इमारतीतून आले, शेजारच्या वसाहतीतून दोनच का आले, हे त्याला कुणी विचारायला शिकवलेलं नसतं. साथरोगशास्त्र हा छेद मांडायला शिकवतं. आणि छेद मांडला की तक्रारीचा पुरावा होतो.

पुराव्याची गरज मुस्लिम समाजाला इतरांपेक्षा जास्तच आहे, कारण आपल्या आरोग्याबद्दल अंदाज बांधणारे पुष्कळ असतात. २०२२च्या शेवटी मुंबईत गोवरची साथ आली आणि गोवंडीत लहान मुलं दगावली. भिवंडी, मालेगावातही रुग्ण सापडले. चर्चेचा सूर लगेच ठरला, ‘हे लोक लस घेत नाहीत.’ लसीबद्दल काही घरांत संशय होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कोविडच्या काळात नियमित लसीकरण विस्कळीत झालं होतं, कामासाठी गावाकडून येणारी-जाणारी कुटुंबं यादीतून सुटत होती, आणि एवढ्या दाट वस्तीला आरोग्य केंद्रं अपुरी होती. यातल्या कोणत्या कारणाचा वाटा किती, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. जो मोजतो त्याचं म्हणणं टिकतं. बाकीच्यांचं मत ठरतं.

उलट दिशेचं उदाहरणही आहे, आणि ते आपल्यालाच माहीत नसतं. भारतात मुस्लिम कुटुंबं सरासरीनं हिंदू कुटुंबांपेक्षा गरीब आणि कमी शिकलेली, तरीही त्यांच्यातला बालमृत्यू दर कमी. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालातही हे नोंदलेलं आहे. संशोधक याला कोडं म्हणत होते. मायकल जेरुसो आणि डीन स्पीअर्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०१८च्या शोधनिबंधात त्याचं एक उत्तर मांडलं. मुस्लिम घरांत शौचालयाचा वापर जास्त, आणि त्यांचे शेजारीही बहुधा मुस्लिम असल्यानं आसपास उघड्यावर शौच कमी. घाण कमी, म्हणून बाळाचं हगवणीसारख्या आजारांपासून रक्षण जास्त. शेजार सुधारला तर त्याचा फायदा कोणत्याही धर्माच्या बाळाला होतो. दवाखान्याच्या खुर्चीत बसून हा निष्कर्ष कुणालाच काढता आला नसता.

वैद्यकीय शिक्षणाला अशी जोड देण्याचा प्रयोग अमेरिकेत रुळलेला आहे. तिथल्या अनेक विद्यापीठांत एमडीबरोबर एमपीएच करता येतं. कॅलिफोर्निया विद्यापीठानं २००४मध्ये अर्व्हाइन इथं लॅटिनो समाजासाठी डॉक्टर घडवणारा खास अभ्यासक्रम सुरू केला. त्यात चारऐवजी पाच वर्षं लागतात आणि एमडीसोबत एक मास्टर्स पदवी मिळते. बर्कली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या संयुक्त अभ्यासक्रमातही विद्यार्थी आधी आरोग्यविज्ञानात मास्टर्सचं संशोधन करतात आणि मग हॉस्पिटलात उतरतात.

याचा उपयोग काय, हे मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात दिसलं. २०१४मध्ये खर्च वाचवण्यासाठी या कृष्णवर्णीय बहुसंख्य, गरीब शहराचा पाणीपुरवठा नदीवर वळवला गेला. पाण्याच्या रंगाबद्दल, वासाबद्दल लोक ओरडत राहिले, अधिकारी सारं ठीक असल्याचं सांगत राहिले. मोना हॅना-अटिशा या इराकी वंशाच्या बालरोगतज्ज्ञ. त्यांच्याकडे सार्वजनिक आरोग्याची पदवीही होती. हॉस्पिटलात मुलांच्या रक्ततपासण्यांच्या नोंदी पडूनच होत्या. त्यांनी पाणी बदलण्याआधीच्या आणि नंतरच्या नोंदी ताडून पाहिल्या. रक्तात शिसं वाढलेल्या मुलांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं होतं. सप्टेंबर २०१५मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. सरकारी यंत्रणेनं आधी त्यांनाच खोटं ठरवायचा प्रयत्न केला, पण आकडे हटले नाहीत. पुढच्याच महिन्यात शहराचं पाणी पुन्हा बदलावं लागलं.

आपल्याकडे हा विचार परका नाही. १९४६च्या भोर समितीनं डॉक्टर ‘सामाजिक वैद्य’ व्हावा म्हणून प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण सुचवलं होतं. पीएसएम हा विषय आजही एमबीबीएसला असतो, पण बहुतेक विद्यार्थी तो परीक्षेपुरता घोकतात. अभय आणि राणी बंग यांनी जॉन्स हॉपकिन्समधून एमपीएच केलं आणि गडचिरोलीला गेले. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात दोन खेड्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग आढळले. तोवर याला कुणी प्रश्नच मानत नव्हतं. नवजात बाळांच्या घरगुती देखभालीची त्यांची पद्धत पुढं आशाताईंमार्फत देशभर गेली. या अभ्यासासाठी आता परदेशीच जावं लागतं असंही नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सामाजिक साथरोगशास्त्रातलं एमपीएच आहे, आणि ही संस्था त्याच देवनारात आहे. तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र आहे, जेएनयूचं सामाजिक वैद्यक केंद्र आहे.

आक्षेप मला ठाऊक आहेत. साडेपाच वर्षं एमबीबीएस, वर ग्रामीण सेवेचा बॉण्ड, नीट-पीजीची तयारी. त्यात आणखी दोन वर्षं कुठून आणायची? ज्या घरानं दागिने गहाण ठेवून कोचिंगची फी भरली, त्या घराला ‘अजून थांबा’ असं कोणत्या तोंडानं सांगायचं? हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच हा भार एकट्या विद्यार्थ्यावर टाकू नये. शिवाय प्रत्येकानं हे करावं असं मी म्हणतच नाही. आणि नुसत्या पदवीनं डॉक्टरला वस्तीबद्दल आच येते असाही माझा भ्रम नाही. बायोडेटात एक ओळ वाढवण्यासाठी ती घेणारेही असतील. पण आच असलेल्याच्या हाती आकडे नसतील, तर त्याची आच निवेदनं देण्यात विझून जाते.

इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये वैद्यकाला फर्ज-ए-किफाया म्हटलं आहे. म्हणजे समाजातल्या पुरेशा लोकांनी ते केलं तर सगळ्यांचं कर्तव्य पार पडतं, आणि कुणीच केलं नाही तर सगळेच गुन्हेगार ठरतात. लोक फिक्हच्या अभ्यासाला गर्दी करतात आणि वैद्यक ओस पडतं, अशी त्यांची तक्रार होती. तिथं मानमरातब होता, म्हणून गर्दी होती. आज वैद्यकाकडे गर्दी आहे. ओस पडलंय ते त्याच्या पलीकडचं शेत, जिथं रुग्ण तपासण्याआधी वस्ती तपासावी लागते.

आपल्या संस्था दरवर्षी कोचिंगसाठी, फीसाठी शिष्यवृत्त्या देतात. त्यातल्या दोन-चार तरी इंटर्नशिप संपवलेल्या डॉक्टरांसाठी राखून ठेवाव्यात. एमपीएचची फी द्यावी, आणि त्या काळात घराला लागणारा खर्चही. अट एकच घालावी, प्रबंधाचा विषय आपल्या शहरातली एखादी वस्ती असावा. भिवंडीच्या यंत्रमाग कामगारांची फुप्फुसं, मालेगावातल्या बायकांमधला रक्तक्षय, मुंब्र्यातलं पिण्याचं पाणी. आणि त्यात फक्त मुसलमान मोजू नयेत. शेजारचा बौद्धवाडा, परप्रांतीय मजुरांची चाळ, सगळे मोजावेत. ऊन न येणारी खोली आत राहणाऱ्याचा धर्म विचारत नाही. पुढच्या निकालाच्या वेळी बॅनर जरूर लावा. फक्त सोहळ्यात त्या मुलीला ‘स्पेशलायझेशन कशात करणार?’ एवढंच विचारू नका. आपल्या वस्तीत माणसं कशानं आजारी पडतात ते शोधशील का, हेही विचारा. आणि ती हो म्हणाली, तर पुढच्या दोन वर्षांचा खर्च कोण उचलणार हे तिथंच ठरवा.