खपाचा आकडा आणि संहितेची साक्ष

संस्कृती-उद्योग बंडखोरीला गिळून तिचा माल बनवतो, हा अडोर्नो-होर्कहायमर यांचा सिद्धान्त आता इतका पाठ झाला आहे, की तो लावताना कलाकृतीकडे पाहण्याची गरजही समीक्षकांना उरलेली नाही. ‘निर्वाना’ या अमेरिकन रॉक-वृंदाच्या ‘नेव्हरमाइंड’ (१९९१) या ध्वनिमुद्रिकेवर चालणारा खटला हे याचे ठळक उदाहरण. आरोपपत्र ठरलेले : वृंदाने सिअ‍ॅटलची छोटी ‘सब पॉप’ कंपनी सोडून गेफेनशी करार केला, बुच व्हिग यांची निर्मिती आणि अँडी वॉलेस यांचे ध्वनिमिश्रण यांनी नादातला खडबडीतपणा घासून काढला, जानेवारी १९९२मध्ये मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे सारून ती ‘बिलबोर्ड’च्या यादीत पहिली आली. म्हणून बंड विकले गेले!

या ‘म्हणून’मध्येच सारी गफलत आहे. विकले जाण्यापूर्वीचे निर्मळ बंड या युक्तिवादाला गृहीत धरावे लागते. पण सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या शीर्षकातले ‘टीन स्पिरिट’ हे मुळात एका दुर्गंधीनाशकाचे व्यापारनाम होते आणि कर्ट कोबेनने ते क्रांतिकारक घोषणा समजून उचलले होते. बंडाची भाषाच बाजाराच्या भाषेतून घडली होती. मग बाजाराबाहेरची शुद्ध जागा कोठे शोधायची? ‘इन ब्लूम’ हे गाणे तर अर्थ न कळता सूर धरणाऱ्या श्रोत्याविषयीच आहे, आणि त्याचे पहिले ध्वनिमुद्रण १९९०चे, म्हणजे यशाआधीचे आहे. आपल्या उपभोगाची चिकित्सा ही संहिता स्वतःच करते.

कोबेनने या गुळगुळीतपणाबद्दल पुढे नाराजी व्यक्त केली, हे खरे. परंतु एरवी बार्थचा हवाला देऊन लेखकाला मृत घोषित करणारे येथे मात्र लेखकाच्याच पश्चात्तापाला अंतिम पुरावा मानतात, हे नवलाचे आहे. शिवाय स्टीव्ह अल्बिनी यांच्याकडून मुद्दाम राकट ठेवलेली ‘इन युटेरो’ (१९९३) त्याच कंपनीने काढली आणि तीही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. मग घासूनपुसून केलेला नाद हेच विक्रीचे कारण कसे?

यश हा शरणागतीचा पुरावा ठरवला, तर अपयश हाच बंडाचा एकमेव दाखला उरतो. अशी समीक्षा बाजाराला विरोध करीत नाही. ती बाजाराचीच खातेवही उलटी धरून वाचते.