डिसूझांचा ओबामा

दिनेश डिसूझा यांचा '२०१६: ओबामाज अमेरिका' हा माहितीपट मला पटणार नाही, हे लावण्याआधीच ठाऊक होतं. बघून झाल्यावरही तो पटला नाही. तरीही तो शेवटपर्यंत बघावा असं मी म्हणेन. आणि तेही 'दोन्ही बाजू ऐकाव्यात' या गुळगुळीत सल्ल्यासाठी नव्हे.

डिसूझा मूळचे मुंबईचे. जन्म १९६१चा, घर गोव्याकडचं कॅथलिक. विद्यार्थी म्हणून अमेरिकेला गेले आणि तिथल्या उजव्यांचे लाडके लेखक झाले. २०१२च्या निवडणुकीच्या तोंडावर जॉन सलिव्हन यांच्यासोबत त्यांनी हा चित्रपट काढला. म्हणणं एवढंच की, ओबामांमध्ये केनियातल्या वडिलांचा वसाहतवादविरोध भिनलेला आहे आणि त्यापायी ते अमेरिकेला दुबळी करताहेत. दाखला? ओव्हल ऑफिसमधला चर्चिलचा अर्धपुतळा त्यांनी परत पाठवला! तो ब्रिटिश सरकारने बुश यांना उसना दिला होता, हे सोडा. ज्या देशाने चर्चिलच्याच कारकिर्दीत १९४३चा बंगालचा दुष्काळ सोसला, तिथे याला कुणी गुन्हा म्हणेल का? आणि हे सांगणारा मुंबईत जन्मलेला माणूस!

पण मला हा चित्रपट कामाचा वाटला तो इथेच. ब्रिटिशांविरुद्ध बंड करून जन्मलेल्या देशात, वसाहतवादाला विरोध करणारा अध्यक्ष म्हणजे धोका, हे डिसूझा सहज खपवू शकतात. तिकीटबारीवर या चित्रपटाने तीन कोटी डॉलरहून अधिक कमावले. तिकिटं काढणाऱ्या त्या माणसांना नेमकी कशाची भीती वाटते, हे त्यांच्यावर टीका करणारे दहा लेख वाचून मला कळलं नसतं.

शिवाय नैरोबीतला प्रसंग आहे. डिसूझा ओबामांचे सावत्र भाऊ जॉर्ज यांना गाठतात आणि विचारतात, एवढा मोठा भाऊ तुम्हाला मदत का करत नाही? रोख उघड आहे. जॉर्ज चिडत नाहीत, तक्रारही करत नाहीत. त्याला त्याचा संसार आहे, माझं मी बघायला हवं. तो जगाचं बघतो, त्या जगात मीही आलोच, अशा अर्थाचं ते शांतपणे सांगतात. फिर्यादीचा साक्षीदार फुटला म्हणायचा. तरी डिसूझांनी हा भाग कापला नाही, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. सबंध चित्रपटात मला सर्वांत खरी वाटलेली मिनिटं हीच.

घटनांचा तपशील मात्र अशा चित्रपटावरून ठरवू नये. मतदानातल्या कथित घोटाळ्यावरचा डिसूझांचा 'टू थाउजंड म्यूल्स' २०२२मध्ये आला. त्यात बेकायदा मतं टाकताना म्हणून दाखवलेल्या जॉर्जियातल्या एका मतदाराची २०२४मध्ये सेलम मीडिया या वितरक कंपनीने जाहीर माफी मागितली आणि चित्रपटाचं वितरण थांबवलं.