घरात कुजबुजणारी पोर

माझी मुलगी चार वर्षांची आहे. गेल्या जूनमध्ये तिला इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत घातलं आणि आम्ही नवराबायकोनं घरात नियम केला, तिच्याशी इंग्रजीतच बोलायचं. आमचं स्वतःचं इंग्रजी बेताचं. ‘कम’, ‘सिट’, ‘ईट फास्ट’ यापलीकडे गाडी जात नव्हती. पोरीशी दखनीत बोलायचं नाही, असं अम्मीलाही बजावलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेतून निरोप आला की मुलगी वर्गात तोंडच उघडत नाही. खरं तर ती घरातही गप्प झाली होती. आम्ही त्याला ‘शहाणी झाली’ म्हणत होतो.

त्याच आठवड्यात एकदा कामावरून लवकर घरी आलो. स्वयंपाकघरात अम्मी तांदूळ निवडत होती. ‘कौन सा कंकर बड़ा गे?’ पोरगी म्हणाली, ‘ये.’ ‘कैकू?’ ‘ये दांत कू लगा तो दुखेगा. वो छोटा तो गिल लेते.’ मोठं-लहान, कारण, तुलना, सगळं होतं त्यात. पण ती हे कुजबुजत बोलत होती. माझी चाहूल लागताच थांबली. चार वर्षांच्या पोरीला आपली बोली चोरून बोलायची असते, हे मी शिकवलं होतं.

आपल्या कितीतरी घरांत आज हेच चाललंय. सकाळी नर्सरीत एबीसी, दुपारी शिकवणीला अआइई, संध्याकाळी मकतबमध्ये अलिफ-बे. तीन लिप्या, त्यातल्या दोन डावीकडून उजवीकडे आणि एक उजवीकडून डावीकडे. माझा तिन्हींपैकी कशालाच विरोध नाही, मीही तिन्ही शिकलो. पण तोवर मी गल्लीभर बडबडून झालो होतो. अक्षर ही आवाजाची खूण. ज्या पोराजवळ शब्दच थोडे, त्यानं खूण कशाची करायची? ‘कंकर’ आणि ‘कंगवा’ एकाच आवाजानं सुरू होतात, हे कानाला कळणं ही वाचनाची पहिली पायरी आहे. त्याला वही लागत नाही.

हे काही नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र उभं केलं, तेव्हा पानं, खडे, शिंपले हेच त्यांचं साहित्य होतं. अम्मी तिसरी शिकलेली. तिला ही नावं ठाऊक नाहीत, पण तिच्या सुपात तेच होतं. ‘आम्ही कुठं शिकलोय, पोराला काय शिकवणार’ असं आपल्याकडे आया म्हणतात, तेव्हा मला आता अम्मी आठवते.

२०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत किंवा मातृभाषेत शिकवावं. पण फॉर्मवर मातृभाषेच्या रकान्यात आपण ‘उर्दू’ लिहितो, नाहीतर ‘मराठी’. दखनी कुणीच लिहीत नाही, मीही लिहिली नाही. शिवाय मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा वयाचा. त्याआधीच्या वर्षांसाठी घटनेच्या ४५व्या कलमात राज्यानं प्रयत्न करावा एवढंच आहे. त्या प्रयत्नांची वाट पाहत बसलो तर पोर सहा वर्षांचं होऊन जाईल.

आणि बापांबद्दल एक. हे बायकांचं काम म्हणून आपण मोबाइल उघडून बसतो. मी आता रविवारी तिला मिरजेतल्या सतारमेकरांच्या गल्लीत नेतो. सतारीचे भोपळे रांगेनं ठेवलेले असतात. कुठला मोठा, कुठला हलका, टिचकी मारली की कुठला कसा वाजतो, यावर आमची वादावादी चालते. दखनीत, मोठ्यानं.

शाळेत ती अजून फार बोलत नाही. बाईंना मी घरची बोली सांगितली, त्यांनी चार शब्द लिहून घेतले. परवा पोरगी येऊन म्हणाली, ‘टीचर कू नक्को बोलना आता!’ आणि खूप हसली.