युरियाची टाकी कोण तपासणार?

मुलुंड चेकनाक्यावरून शहरात शिरणाऱ्या नव्या ट्रकना डिझेलच्या टाकीखेरीज निळ्या झाकणाची एक छोटी टाकी असते. तिच्यात भरतात ते डीईएफ. ड्रायव्हर त्याला सरळ ‘युरिया’ म्हणतात. 32.5 टक्के शुद्ध युरिया, बाकी क्षार काढलेलं पाणी. ते डिझेलमध्ये मिसळायचं नसतं. धुराच्या नळीत त्याचा फवारा उडतो आणि विषारी नायट्रोजन ऑक्साइडचा साधा नायट्रोजन आणि वाफ होते. 1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुराचं बीएस-6 मानक आलं, अवजड इंजिनांची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोवॅट-तासाला 3.5 ग्रॅमवरून 0.4 ग्रॅमवर उतरली, आणि पूर्वी मोजक्या गाड्यांना लागणाऱ्या या द्रवाचे कॅन पंपापंपांवर दिसू लागले.

हवेच्या नियमाने बाजारपेठ उभी केली खरी, पण ती टिकते ट्रकमालकाच्या मर्जीवर. पेट्रोलमधलं शिसं 2000 साली देशभर बंद झालं, ते रिफायनरीतच. पंपावर शिशाचं पेट्रोल मिळेनासंच झालं. अंधेरीच्या रिक्षावाल्याला वेगळं काही करावं लागलं नाही. युरिया मात्र मालकाने पुन्हा पुन्हा पदरमोड करून भरायचा असतो. तो संपला की इंजिनाची ताकद घटते, म्हणून टाकी भरलेली आहे असं गाडीच्या संगणकाला भासवणारी उपकरणं विकली जातात. शेतीच्या युरियाचाही मोह होतो, कारण 45 किलोची अनुदानित गोणी कर वगळता 242 रुपयांची. पण त्याला कडुनिंबाचा लेप दिलेला असतो. धूर साफ करणारी यंत्रणाच त्याने निकामी होते, आणि शेतकऱ्याच्या वाट्याचं खत जातं ते वेगळंच.

पुरवठाही नाजूक आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये चीनने युरियाची निर्यात आवळली, तेव्हा दक्षिण कोरियात ट्रक थांबायची वेळ आली. तिथल्या सरकारने ऑस्ट्रेलियाहून हा द्रव आणायला लष्करी विमान धाडलं.

आपल्याकडे मात्र युरिया मिळत असतानाही तो टाकीत पडला की नाही, हे कुणी पाहत नाही. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा तेवढा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. युरिया न भरणाराही प्रमाणपत्र घेऊन घाटकोपरच्या वस्तीतून बिनधास्त जातो. प्रामाणिक मालक खर्च सोसतो, चुकवणारा कमी भाड्यात त्याचा धंदा पळवतो. परिवहन खात्याने पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइडची चाचणी आणावी, आणि सुरुवात मुलुंड-दहिसरच्या नाक्यांवरून करावी.