आठवीच्या पुढची मुले : घरून शिक्षणासंबंधी बारामती-इंदापूरच्या पालक-शिक्षकांचे निवेदन

दिनांक : २ जुलै २०२१

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, पुणे.

विषय : बारामती व इंदापूर तालुक्यांतील इयत्ता नववी व दहावीच्या विद्यार्थ्यांचे शिक्षण घरून नीट चालावे, यासाठी तातडीने करावयाच्या व्यवस्थेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे बारामती व इंदापूर तालुक्यांतील पालक आहोत. काही शिक्षकांच्याही सह्या सोबत आहेत. शाळा केव्हा उघडतील हे ठरवणे आपल्या एकट्याच्या हातात नाही, याची आम्हाला जाणीव आहे, म्हणून या निवेदनात ती मागणी केलेली नाही. शाळा बंद असताना मुलांपर्यंत शिक्षण कसे पोहोचते आणि कुठे अडते, एवढ्यापुरतेच आम्ही लिहीत आहोत.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळांना कुलूप लागले तेव्हा जी मुले आठवीत होती, ती आज दहावीत आहेत. त्यांची आठवीची वार्षिक परीक्षा झाली नाही. नववीचीही झाली नाही. गेल्या एप्रिलमध्ये त्यांना परीक्षेविना वरच्या वर्गात घालण्यात आले. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग भरवायला शासनाने परवानगी दिली, पण मुले बाकांवर रुळतात न रुळतात तोच दुसरी लाट आली आणि वर्ग पुन्हा बंद झाले. पुढच्या वर्षी बोर्डाची परीक्षा झालीच, तर तीन वर्षांत या मुलांनी दिलेली ती पहिली लेखी वार्षिक परीक्षा असेल. भूमितीची रचना पाच इंची पडद्यावर पाहून शिकलेली मुले तीन तासांच्या पेपरला बसतील, तेव्हा त्यांच्या हाताला सलग लिहिण्याची सवयच उरलेली नसेल.

या मुलांची अडचण केवळ साथीमुळे आलेली नाही. आठवी हीच एक वेस आहे. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. शासनाची मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. शाळा बंद असतानाही त्याचा शिधा घरी द्यायची सोय झाली, पण आठवीपर्यंतच. गेल्या वर्षी २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेली ‘टिलीमिली’ मालिका आमच्या घरांत आवडीने पाहिली गेली. तीही पहिली ते आठवीसाठी. एका घरात दोन भावंडे असली, तर धाकटे दूरदर्शनसमोर बसून शिकत होते आणि थोरले वडील मोबाइल घेऊन कधी परततात याची वाट पाहत होते. ज्या वर्गांना बोर्ड आहे, ज्यांना मजुरीचे काम खुणावते आहे आणि ज्या मुलींच्या लग्नाची बोलणी घरात सुरू होऊ शकतात, नेमक्या त्याच वर्गांपाशी शासनाचा हात आखडतो. आमचे सारे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे.

नववी-दहावीसाठी काहीच झाले नाही असे आम्ही म्हणणार नाही. दीक्षा ॲप आहे, व्हॉट्सॲपवरचा ‘स्वाध्याय’ उपक्रम दहावीपर्यंत होता आणि कालपासून, १ जुलैपासून, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास दुसरी ते दहावीसाठी सुरू झाला आहे. सेतू अभ्यासाची कल्पना आम्हाला मनापासून पटते. मागच्या वर्षीचे राहिलेले आधी भरून काढायचे, दर दिवशी एक कृतिपत्रिका सोडवायची, ठरावीक दिवसांनी चाचणी द्यायची, हे शहाणपणाचेच आहे. पण तो मुलांपर्यंत येतो पीडीएफ होऊन. मोबाइलवर ती फाइल उघडायची, वाचायची, वहीत उतरवून घ्यायची, सोडवायची, पुन्हा फोटो काढून पाठवायचा. पाच विषयांचे रोज एवढे करायला मोबाइल दिवसभर मुलाच्या हातात हवा.

तो कोणाच्या हातात असतो, हे सांगायला हवे. बारामती म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाला एमआयडीसी, मोठमोठी महाविद्यालये आणि नीरा डाव्या कालव्याचा ऊस दिसतो. तो आहेच. पण याच तालुक्यात सुपे, मोरगाव, लोणी भापकर, उंडवडी हा जिरायत पट्टा आहे, आणि इंदापुरात उजनीच्या फुगवट्यावर मासेमारी करणाऱ्या कुटुंबांची वस्ती भिगवण, कुंभारगाव, पळसदेवपर्यंत पसरली आहे. बागायत गावांतही माणसे गावठाणात कमी आणि रानातल्या वस्त्यांवर जास्त राहतात. घरात स्मार्टफोन बहुधा एकच. तो सकाळी दूध घालायला, कारखान्याच्या पाळीला, मोटार चालू करायला किंवा होडीवर वडिलांबरोबर जातो. शाळेचा ऑनलाइन तास सकाळी दहाला भरतो. संध्याकाळी मोबाइल घरी येतो तेव्हा दीड जीबीतले निम्मे संपलेले असते, आणि वस्तीवर वीज असेलच असे नाही.

त्यातच हा आडसाली उसाच्या लागणीचा हंगाम आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रानात हात कमी पडतात, आणि शाळा बंद असल्याने पंधरा वर्षांचा मुलगा घरीच असतो. सेतू अभ्यासाचे पंचेचाळीस दिवस आणि लागणीचे दिवस नेमके एकावर एक आले आहेत. रानात गेलेल्या मुलाला ऑनलाइन हजेरीत ‘गैरहजर’ लिहून काही साधणार नाही. त्याच्या सोयीची वेळ शोधली पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली मागणी, आणि हिच्यासाठी बाकीच्या थोड्या मागे राहिल्या तरी चालतील : सेतू अभ्यास आणि त्यानंतरचा वर्षभराचा स्वाध्याय नववी-दहावीच्या प्रत्येक मुलाला कागदावर मिळावा. दर आठवड्याच्या कृतिपत्रिकांचा संच शाळेने छापून किंवा झेरॉक्स काढून द्यावा आणि मागच्या आठवड्याची वही घेऊन, तपासून, चुकांवर शेरा लिहून परत करावी. आम्ही टॅब मागत नाही. टॅब वाटपाचा कार्यक्रम होतो, फोटो छापून येतात, आणि सहा महिन्यांत चार्जर हरवतो. गेल्या सव्वा वर्षात आमच्या मुलांना व्हिडिओ कमी पडले नाहीत. कमी पडली ती तपासलेली वही. आपण लिहिलेले कोणी वाचणार आहे, एवढे कळले तरी मूल लिहिते, आणि उत्तर म्हणून मोबाइलवर नुसती अंगठ्याची खूण आली तर दोन दिवसांत सोडून देते, हे आम्ही रोज घरात पाहतो. छपाईच्या खर्चासाठी ग्रामपंचायतींना पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून तरतूद करण्याचे पत्र मा. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडून जावे, आणि बारामती व लोणी देवकर येथील औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांना सामाजिक दायित्व निधीसाठी आपल्या कार्यालयाने विनंती करावी.

दुसरी मागणी जागेची. माध्यमिक शाळा बहुतेक शिक्षण संस्थांच्या, वस्तीपासून दूर. एसटीच्या फेऱ्या कमी झाल्याने शाळेपर्यंत जाऊन संच आणणेही मुलींना अवघड झाले आहे. मात्र वस्तीवर जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा असते, आणि ती सध्या रिकामी आहे. ती खोली प्राथमिक विभागाची आणि ही मुले माध्यमिक विभागाची, एवढ्याच कारणाने ती बंद राहते. दोन्ही विभाग एकाच जिल्हा परिषदेचे आहेत. आपण प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांशी बोलून संयुक्त पत्र काढले, तर ग्रामपंचायतीच्या व शाळा व्यवस्थापन समितीच्या जबाबदारीवर त्या खोलीत, ओसरीवर किंवा समाजमंदिरात आठ-दहा मुले मास्क लावून, अंतर ठेवून बसू शकतील. ज्या गावात रुग्ण आहेत तिथे हे करू नये, हे उघडच आहे. पालखी सोहळा पायी येतो त्या वर्षी संत तुकाराम महाराजांच्या पालखीच्या मुक्कामाला सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी ही गावे हजारो वारकऱ्यांच्या राहण्या-जेवणाची सोय एका रात्रीत लावतात आणि त्यासाठी शाळांचे वर्ग मोकळे करून देतात. वस्तीवरच्या दहा मुलांची व्यवस्था त्या गावांना जड जाणार नाही. फक्त किल्ली देण्याचा अधिकार कोणाचा, ते लेखी हवे.

या ठिकाणी रोज दोन तास बसायला शिक्षकमित्र नेमावेत. डी.एड., बी.एड. करून भरतीची वाट पाहत घरी बसलेली कितीतरी मुले-मुली दोन्ही तालुक्यांत आहेत. त्यांना मानधन द्यावे. फुकटची सेवा दोन आठवडे चालते आणि मग बंद पडते. त्यांनी शिकवणे अपेक्षित नाही. वह्या गोळा करणे, मुलांच्या शंका लिहून विषयशिक्षकाकडे पोहोचवणे आणि शिक्षकाचे उत्तर मुलांना समजावून सांगणे, एवढेच काम असावे. शिकवण्याचे काम शिक्षकांचे आहे आणि ते त्यांना करू द्यावे. गेल्या वर्षी सर्वेक्षणे, तपासणी नाके आणि ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या फेऱ्यांत आमच्या शिक्षकांचे महिनेच्या महिने गेले. किमान दहावीच्या विषयशिक्षकांना अशा कामांतून मोकळे करावे.

ऑनलाइन तास बंद करा असे आम्ही म्हणत नाही. ज्यांना जमते त्यांचे चालू राहावेत. पण ते संध्याकाळी साडेसहानंतर घ्यावेत, आणि ज्याला त्या वेळी बसता आले नाही त्याच्यासाठी शिक्षकांनी दहा मिनिटांचा ध्वनिमुद्रित पाठ वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावा. आवाजाला डेटा थोडा लागतो. केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांनी नववी ते बारावीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांचे चार तास एवढीच मर्यादा घालून दिली आहे. ती पाळली जाते का, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांनी वेळापत्रके मागवून पाहावे.

संध्याकाळी तास घ्यायचे तर वीज हवी. शेतीपंपाच्या वाहिनीला दिवसा आठ किंवा रात्री दहा तास पाळीपाळीने वीज मिळते, आणि रानातल्या घरांचा दिवा त्याच वाहिनीवर असतो. महावितरणच्या बारामती परिमंडलाशी आपल्या कार्यालयाने पत्रव्यवहार करून संध्याकाळी सहा ते साडेनऊ या वेळेत वस्त्यांवर सिंगल फेज पुरवठा खंडित होऊ नये, अशी विनंती करावी. हे खाते आपले नाही, पण पालकांच्या अर्जापेक्षा शिक्षणाधिकाऱ्यांच्या पत्राला वजन असते.

रेडिओचा विचार कोणी केलेला दिसत नाही, याचे आम्हाला आश्चर्य वाटते. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ आणि कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ अशी दोन सामुदायिक रेडिओ केंद्रे आहेत. एवढी सोय दुसऱ्या किती तालुक्यांत असेल! त्यांची पोहोच मर्यादित आहे, इंदापूरच्या टोकापर्यंत ती जाणार नाही. तिथे आकाशवाणीच्या पुणे केंद्राकडे वेळ मागावी लागेल. पण सुरुवात बारामतीपासून करता येईल. इतिहास, भूगोल, मराठी, इंग्रजी हे विषय ऐकून चांगले समजतात. दोन्ही तालुक्यांतल्या उत्तम शिक्षकांनी रोज अर्धा तास ठरलेल्या वेळी बोलावे आणि त्या दिवसाची कृतिपत्रिका मुलांच्या हातात असावी. गणित-विज्ञानासाठी रेडिओचा उपयोग नाही, ते वस्तीवरच्या खोलीतच करावे लागेल.

मूल्यमापनाचा प्रश्न आपल्या अखत्यारीबाहेरचा आहे, तरी आमचे म्हणणे राज्य मंडळाकडे पोहोचवावे. या वर्षी दहावीची परीक्षा रद्द झाली आणि निकालासाठी नववीला ५० गुण, दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनाला ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाला २० असे सूत्र मे महिन्याच्या अखेरीस ठरले. म्हणजे मुलांनी वर्षभर काय केले याचे मोल काय, हे त्यांना वर्ष संपल्यावर कळले. यंदाच्या दहावीचे सूत्र, परीक्षा झाली तर एक आणि न झाली तर दुसरे, आणि पाठ्यक्रमात कपात होणार असल्यास तीही, सप्टेंबरपूर्वी जाहीर व्हावी. आणि कोणत्याही सूत्रात ऑनलाइन हजेरीला गुण नसावेत. ती मोबाइलची हजेरी असते.

शेवटची मागणी. प्रत्येक माध्यमिक शाळेने मार्च २०२० च्या हजेरीपटावरील आठवी-नववीच्या मुलांची नावे घेऊन आजचा ठावठिकाणा नोंदवावा. कोण गटावर आहे, कोणाशी संपर्कच नाही, कोण कामाला लागले, कोणाचे कुटुंब गाव सोडून गेले, कोणत्या मुलीचे लग्न झाले किंवा ठरले. ज्यांचा संपर्क नाही त्यांच्या घरी शिक्षकांनी जाऊन यावे. ऊसतोडणीची कुटुंबे ऑक्टोबरपासून येऊ लागतील. त्यांच्याबरोबर येणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांना छापील संच मिळावा, त्यांचे नाव कोणत्या जिल्ह्याच्या पटावर आहे हे न विचारता. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा या कारखान्यांना गाळप सुरू होण्याआधी तसे कळवता येईल. मुलांच्या ठावठिकाण्याची ही यादी जाहीर करू नये, ती शाळा आणि गटशिक्षणाधिकारी यांच्यातच राहावी. मुलींच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळावे, आणि गरज दिसेल तिथे ग्रामसेवकांना, जे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, वेळेत कळवावे.

सेतू अभ्यास १४ ऑगस्टला संपतो. छापील संच, खोलीची किल्ली आणि शिक्षकमित्र या तीन गोष्टी १५ जुलैपूर्वी झाल्या, तर त्यातला एक महिना तरी मुलांच्या उपयोगी पडेल. आपण ८ ते १० जुलैच्या दरम्यान बारामती पंचायत समितीत अर्धा तास वेळ द्यावा. इंदापूरचे पालक तिथे येतील. पुण्याला येण्याची सोय सध्या सर्वांना नाही. भेटीच्या वेळी आम्ही दोन्ही तालुक्यांतील वस्त्यांची, तिथल्या प्राथमिक शाळांची आणि मानधनावर काम करायला तयार असलेल्या तरुणांची यादी सोबत आणू.

आपले विश्वासू,
बारामती व इंदापूर तालुक्यांतील इयत्ता नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांचे पालक व शिक्षक
(सह्यांची पाने सोबत जोडली आहेत.)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी सविनय सादर :
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, पुणे
मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, बारामती
मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, इंदापूर
मा. मुख्य अभियंता, महावितरण, बारामती परिमंडल