मांडीवरचे पहिले पुस्तक

नवरात्रात आपल्या शाळेत सरस्वतीपूजन होते, तसे ते आपल्यापैकी पुष्कळांच्या घरीही होते. पाटावर पुस्तके मांडली जातात, त्यांना गंधफूल वाहिले जाते आणि पूजा उतरेपर्यंत त्यांस कोणी हात लावीत नाही. एरवीही पुस्तकाला चुकून पाय लागला, तर ते उचलून कपाळाला लावावे, हे आपणांस कोणी मुद्दाम शिकविलेले नसते. वडीलधाऱ्यांचे पाहून आपण ते शिकतो. ही भावना थोर आहे व तिचा आम्हांस अभिमान आहे. परंतु या आदराचा एक परिणाम असा झाला आहे की, घरातील सर्वांत लहान माणसास पुस्तकापासून दूर ठेवण्यात येते. बाळ रांगत रांगत पुस्तकाकडे निघाले की, "अगं, घे ते वर, फाडील तो!" अशी हाक उठते आणि पुस्तक फळीवर जाते. पुढे मूल सहा वर्षांचे होऊन पहिलीत बसले म्हणजे पुस्तक खाली येते खरे. पण ते येते अभ्यास म्हणून, आणि अभ्यासाच्या पाठोपाठ धाकही येतो. ज्या वस्तूची ओळख धाकाने झाली, तिच्याशी मैत्री जडण्यास फार दिवस लागतात.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, पुस्तकाची पहिली जागा शाळेचे दप्तर ही नसून आईची, आजीची किंवा थोरल्या भावंडाची मांडी ही आहे. मूल अक्षर ओळखू लागण्यापूर्वी, किंबहुना बोलू लागण्यापूर्वीच, चित्रांचे पुस्तक त्याच्या हाती पडले पाहिजे. हे ऐकून कोणी हसेल. ज्याला बोलता येत नाही, तो वाचणार काय? म्हणून प्रथम या शंकेचा विचार करू.

नुकत्याच जन्मलेल्या अर्भकास साधारणतः २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरचेच काहीसे स्पष्ट दिसते. मांडीवरील बाळापासून आईच्या चेहऱ्याचे अंतर जवळजवळ एवढेच असते. पुढे नजर पल्लेदार होते, मान धरते, हात वस्तू पकडू लागतात. १९९८ साली अमेरिकेतील काही मानसशास्त्रज्ञांनी एक मौजेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी नऊ महिन्यांच्या मुलांपुढे वस्तूंची हुबेहूब चित्रे ठेवली. मुलांनी ती चित्रे बोटांनी चाचपली, कोणी तर चित्रातील वस्तू चिमटीत उचलण्याची खटपट केली. आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट या देशातील, जेथे घरी चित्रे क्वचितच दृष्टीस पडत, अशी मुलेही तसेच वागली. मात्र सुमारे एकोणीस महिन्यांची मुले चित्र उचलू पाहत नव्हती. ती त्याकडे बोट दाखवीत होती. चित्रातील वस्तू ही खरी वस्तू नव्हे, ती खऱ्या वस्तूची खूण आहे, हे त्यांस उमगले होते. अक्षर तरी दुसरे काय आहे? तीही एक खूणच. तेव्हा ज्या दिवशी बाळ चित्रातील आंब्याकडे बोट दाखवून आपल्या तोंडाकडे पाहते, त्या दिवशी त्याच्या वाचनाचा श्रीगणेशा झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. पुस्तक चोखणे, आपटणे, पान ओढणे हा खोडसाळपणा नव्हे. नवी वस्तू ओळखण्याची ती त्या वयाची रीत आहे. त्याकरिताच जाड पुठ्ठ्याची आणि कापडाची पुस्तके निघाली आहेत.

चित्रांतून शिकविण्याची कल्पना नवी नाही. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे लॅटिन आणि जर्मन भाषांत मुलांसाठी एक सचित्र पुस्तक छापविले; युरोपात ते पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. इंग्लंडमध्ये बीअॅट्रिक्स पॉटर या लेखिकेची सशाची गोष्ट १९०२ साली निघाली, ती लहान हातांत मावेल अशा लहान आकारात. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी आणि कोसबाड येथे गोरगरिबांच्या मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. मूल धाकाने नव्हे, तर आनंदाने शिकते, हा त्यांचा सिद्धान्त. आम्ही तो केवळ दोनतीन वर्षे मागे, बालवाडीपासून घरापर्यंत नेत आहोत, एवढेच.

आता हे पुस्तक वाचावयाचे कसे? पुष्कळ पालक चित्रांचे पुस्तक घेतात आणि त्यातून मुळाक्षरे पाठ करून घेऊ लागतात. दीड वर्षाचे मूल पाहुण्यांसमोर 'ए फॉर अॅपल' म्हणू लागले की घरात धन्यता वाटते. आम्हांस हे मान्य नाही. या वयाचे वाचन म्हणजे पाठांतर नव्हे. ते संभाषण आहे. १९८८ साली व्हाइटहर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनअडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांस एक साधी पद्धत शिकविली. पालकांनी नुसते वाचीत जाऊ नये. विचारावे, थांबावे, मूल जे बोलेल त्यात एकदोन शब्दांची भर घालून ते त्यास परत द्यावे. मूल म्हणाले "भूभू", तर आपण म्हणावे, "होय, भूभू पळाला. कुठे पळाला बरे?" अवघ्या एका महिन्यात ही मुले बोलण्यात इतर मुलांच्या काही महिने पुढे गेलेली आढळली. या पद्धतीस पैसा लागत नाही. लागते ती थांबण्याची सवय. आणि आम्ही शिक्षक मंडळी तीच फार लवकर विसरतो.

पाचवीच्या वर्गात आम्हांस दरवर्षी एक अनुभव येतो. काही मुले पाठ घडाघडा वाचून दाखवितात, परंतु "हा मुलगा असे का वागला असेल?" असे विचारताच सारा वर्ग स्तब्ध होतो. उत्तर पुस्तकात शब्दशः छापलेले नाही, म्हणून ते नाहीच, अशी त्यांची समजूत असते. चित्र पाहून "हा का बरे रडतो आहे?" असे ज्याला दुसऱ्या वर्षी कोणी विचारले आणि त्याचे बोबडे उत्तर मन लावून ऐकले, तो पाचवीत इतका मुका राहणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

येथवर बहुतेक वाचक आमच्याशी सहमत होतील. मतभेद होतो तो भाषेवरून, आणि याच ठिकाणी आम्हांस आमची एक चूक सांगितली पाहिजे. आमची मातृभाषा कोंकणी. आम्ही शिकलो मराठीतून आणि शिकवितो तेही मराठीतूनच. काही वर्षांपूर्वी पालकसभेत एका आईने आपल्या मुलाच्या कच्च्या मराठीबद्दल विचारले, तेव्हा आम्ही मोठ्या अधिकाराने सांगितले, "घरी मराठीच बोलत जा." पुढल्या वर्षी ती माउली पुन्हा भेटली. तिने आमचा सल्ला पाळला होता. बोलता बोलता ती सहज म्हणाली की, मराठी आपल्याला नीट येत नाही, चुकेल म्हणून भीती वाटते, त्यामुळे धाकट्याला गोष्टी सांगणेच आपण सोडून दिले आहे. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले. मुलाच्या मराठीची काळजी वाहण्याच्या भरात आम्ही दुसऱ्या मुलाच्या गोष्टी बंद केल्या होत्या.

तेव्हापासून आमचे मत पक्के झाले आहे. गोव्यात भाषेवरून आजवर पुष्कळ वाद झाले. त्यांत आम्हांस येथे शिरावयाचे नाही. परंतु तान्ह्या मुलाशी पुस्तक वाचताना भाषा एकच, ती म्हणजे वाचणाऱ्याच्या जिभेवर सहज येणारी. पुस्तक मराठी असो, हिंदी असो वा इंग्रजी. चित्रातील मांजर कोणत्याच भाषेचे नसते. आजीने खुशाल विचारावे, "हें कितें? माजर खंय आसा?" 'माजर' आणि 'मांजर' यांत अंतर ते केवढे? एका अनुस्वाराचे! 'सुणें' म्हणणारे मूल 'कुत्रा' हा शब्दही आनंदाने शिकेल. कारण शब्द नवा असला तरी त्यामागील प्राणी, त्याची शेपटी आणि त्याची खोडी ही जुन्या ओळखीची असतात. घरच्या भाषेत भरपूर बोललेले मूल दुसरी भाषा लवकर उचलते. जे घरच्या भाषेतही गप्प राहिले, त्याला शाळेतील भाषा दुप्पट जड जाते. मराठीवर आमचे प्रेम आहे म्हणूनच आम्ही हे सांगत आहोत. बेळगावात घरी कन्नड वा उर्दू बोलणाऱ्या, बडोद्यात गुजराती बोलणाऱ्या कुटुंबांसही हेच लागू आहे.

आणखी एक गोष्ट. ज्या आईला अगर आजीला अक्षरओळख नाही, तिलाही चित्रांचे पुस्तक वाचता येते. तिने संकोच करू नये. चित्रातली होडी पाहून ती जे सांगेल, ते पुस्तकात छापलेल्या दोन ओळींपेक्षा कितीतरी अधिक असेल. कारण होडी, जाळे आणि नदी हे सारे तिने डोळ्यांनी पाहिलेले असते.

आता दोन आक्षेप. पहिला खर्चाचा. चांगली चित्रपुस्तके महाग असतात, हे काही अंशी खरे आहे. तथापि स्वस्त पुस्तकेही आहेत. १९५७ साली दिल्लीत नॅशनल बुक ट्रस्ट आणि व्यंगचित्रकार शंकर यांचा चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था निघाल्या, त्यांची मुलांची पुस्तके आजही माफक किमतीत मिळतात. मराठीत माधुरी पुरंदरे यांनी स्वतः लिहून स्वतःच चितारलेली पुस्तके आहेत. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या 'राधाचं घर' या मालिकेत घरातील माणसे हाच विषय आहे. 'प्रथम बुक्स' या संस्थेने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ सुरू केले. तेथील गोष्टी मराठीतही आहेत, त्या विनामूल्य आहेत आणि छापूनही घेता येतात. काहीच नसेल तर जुन्या दिनदर्शिकेतील आणि वर्तमानपत्रातील चित्रे पुठ्ठ्यावर डकवून दोऱ्याने शिवलेले पुस्तकही बाळाला तितकेच प्रिय होते.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि त्याच्या आड लपलेला मोबाइलचा. बाळ जेवत नाही, रडते, आईला दहा कामे असतात. मग मोबाइल पुढे करण्यात येतो. आम्ही कोणा आईस दोष देत नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले आहे की, एक वर्षाखालील मुलांस पडद्यासमोर मुळीच बसवू नये, दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसातून एका तासाहून अधिक नको. आणि मूल बसून असेल, तेव्हा त्यास वाचून दाखवावे, गोष्टी सांगाव्या. पडदा बोलतो, पण बाळ काय म्हणाले ते ऐकत नाही. भेद एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे. यास एक अपवाद आम्ही मान्य करतो. आपल्या भागातील पुष्कळ वडील बोटीवर वा आखातात नोकरीस असतात. असा एखादा बाप रात्री मोबाइलवरून बाळाला हाक मारतो, आई इकडे पुस्तक उघडते आणि बाळ त्याला चित्रातली गाय दाखविते. येथे यंत्राने माणसाची जागा घेतलेली नाही. माणसालाच जवळ आणले आहे. रोज दहा मिनिटे, बहुधा तेच ते पुस्तक, इतके पुरे. मूल एकच पुस्तक पुनःपुन्हा मागते, म्हणून कंटाळू नये. पुढे काय येणार हे आधी ठाऊक असण्यातच त्याचा आनंद असतो.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात १९९२ साली 'बुकस्टार्ट' नावाची योजना निघाली आणि आरंभी सुमारे ३०० बाळांच्या घरी पुस्तके भेट देण्यात आली. आपल्या शाळेस एवढे करणे शक्य नसेल. पण थोडे करणे शक्य आहे. आमची सूचना अशी की, शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट चित्रपुस्तकांचे असावे. ज्या विद्यार्थ्याच्या घरी पाच वर्षांखालील भावंड असेल, त्याने शनिवारी एक पुस्तक न्यावे व पुढील शनिवारी परत आणावे. पान फाटले तर दंड नसावा; ते चिकटवून परत द्यावे, एवढाच नियम. काही पुस्तके खराब होतील, हे आम्ही जाणतो. फळीवर कोरी राहून पिवळी पडणारी पुस्तके आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्याविषयी मात्र कोणी हळहळ व्यक्त करीत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम मुख्यतः तुमचे आहे. आईवडील कामात असतात, आजीची दृष्टी मंद झालेली असते. परंतु तुमच्या मांडीवर जागा आहे आणि तुमच्या धाकट्या भावंडाचा तुमच्यावर विश्वास आहे. त्यास वाचून दाखविताना तुमचे स्वतःचे वाचन किती सुधारते, हेही तुम्ही पाहाल. आणि पुढल्या नवरात्रात सरस्वतीच्या पाटावर पुस्तके मांडाल, तेव्हा ज्यावर बाळाच्या दातांच्या खुणा उमटल्या आहेत, असे एखादे पुस्तकही त्यांत संकोच न करता ठेवा. देवीस ते खचित आवडेल.