ग्रबचा काळा पडदा, जुना कर्नल आणि जून २०२६ ची तारीख

"दादा, लॅपटॉप चालू होतोय, पण पुढे काहीच येत नाहीये. काळा स्क्रीन आणि वर कोपऱ्यात ग्रब लिहिलंय. दुकानात दाखवला, तो म्हणाला हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारावी लागेल."

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी रात्री साडेदहाला मामेबहिणीचा हा फोन. ती साताऱ्याला एमएस्सी करते, वनस्पतिशास्त्रात. लॅपटॉपमध्ये कास पठाराच्या आसपासच्या गवतांच्या आठ महिन्यांच्या नोंदी होत्या. बॅकअप विचारला तर "जूनपर्यंतचा आहे". म्हणजे अख्खा पावसाळा त्या एका डिस्कवर. आणि गवतांच्या अभ्यासात पावसाळा गेला तर उरतं काय?

मी तिला एवढंच सांगितलं, "अगं, ग्रब लिहून येतंय ना, मग डिस्क जिवंत आहे. आता कोणाला काही दाबू देऊ नकोस."

हे छातीठोकपणे का सांगता आलं, ते आधी बघू. पॉवर बटण दाबलं की मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे यूईएफआय, जागं होतं. ते डिस्कवरच्या एका छोट्या पार्टिशनमध्ये जातं, त्याला ईएफआय पार्टिशन म्हणतात. तिथे शिम नावाचा अगदी छोटा प्रोग्राम असतो. शिम ग्रबला उठवतो, ग्रब कर्नल आणि इनिटरामएफएस या दोन फाइली मेमरीत आणतो, आणि मग कर्नल तुमचं खरं पार्टिशन उघडतो. म्हणजे ग्रबचा प्रॉम्प्ट दिसतोय याचा अर्थ फर्मवेअर, डिस्क, शिम आणि ग्रब या चार गोष्टी चालल्या. अडलंय ते त्यापुढे. तुमच्या फाइलींपर्यंत तर अजून कोणी पोचलेलंच नाही, त्यामुळे त्या बिघडायचाही प्रश्न नाही. 'बूट होत नाही' आणि 'डेटा गेला' ही वाक्यं आपल्याकडे एकाच दमात बोलली जातात, आणि त्यातूनच फॉरमॅट मारला जातो.

झालं काय होतं? गेले कित्येक महिने अपडेट करताना 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असा एरर यायचा. तिने शोधाशोध केली. कुठेतरी सल्ला मिळाला की /बूट मधल्या जुन्या फाइली उडवा, चालू कर्नलच्या तेवढ्या ठेवा. तिने तंतोतंत तसंच केलं. फक्त शेजारी ग्रब नावाचा एक फोल्डर दिसला, तो कशाचा ते कळेना, म्हणून तोही उडवला. त्या फोल्डरमध्ये ग्रबची मेन्यूची फाइल असते. ती नसली की ग्रबला पुढे काय करायचं हेच माहीत नसतं, आणि तो प्रॉम्प्ट देऊन गप्प बसतो.

आता कबुली. लिनक्स मीच टाकून दिलं होतं, २०२० मध्ये, उबुंटू २०.०४. कुठल्याशा जुन्या गाइडप्रमाणे /बूट चं वेगळं पार्टिशन केलं आणि त्याला २५६ एमबी जागा दिली. आज एका कर्नलची इनिटरामएफएस फाइलच शंभर एमबीच्या आसपास जाते. दोन कर्नल बसतात, तिसरा बसत नाही. आणि नवीन कर्नल येताना थोडा वेळ तरी तिसऱ्याची जागा लागतेच. म्हणजे सापळा माझाच होता, पाय फक्त तिचा अडकला.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर आम्ही ग्रबला हातानेच बूट करायला लावलं. लोकांना हे माहीत नसतं, पण ग्रबचा प्रॉम्प्ट म्हणजे एक छोटा शेलच आहे. एलएस टाइप केलं की पार्टिशनं दिसतात. एकेक उघडून बघायचं, कुठे कर्नलची फाइल दिसते. ती सापडली दुसऱ्या पार्टिशनवर. मग चार ओळी: रूट कुठलं ते सेट करणे, लिनक्स या शब्दापुढे कर्नलची फाइल आणि मूळ पार्टिशनचं नाव, इनिटआरडी पुढे इनिटरामएफएसची फाइल, आणि शेवटी बूट. टॅब दाबलं की नावं आपोआप पूर्ण होतात, त्यामुळे लांबलचक आकडे पाठ करावे लागत नाहीत. तिसऱ्या प्रयत्नात डेस्कटॉप आला. पलीकडून एक मोठा श्वास ऐकू आला आणि मग मामींचा आवाज, "झालं का गं?"

झालं नव्हतं. पण सगळ्यात आधी पेनड्राइव्हवर डेटा उतरवून घेतला. दुरुस्ती नंतर.

कर्नलची फाइलही उडाली असती तर लाइव्ह पेनड्राइव्ह लागला असता. त्याचा क्रम असा: पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच सुरू करायचा, नाहीतर ग्रब चुकीच्या पद्धतीने बसतो. मूळ पार्टिशन माउंट करायचं, त्याच्या आत /बूट वेगळं असेल तर ते, आणि त्याच्याही आत ईएफआय पार्टिशन. मग डेव्ह, प्रॉक आणि सिस हे तीन फोल्डर आत जोडायचे आणि क्रूट करायचं, म्हणजे पेनड्राइव्हवरून आपल्याच डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरायचं. तिथून कर्नल, शिम आणि ग्रब पुन्हा इन्स्टॉल. बहुतेकांचं घोडं अडतं ते ईएफआय पार्टिशन माउंट करायला विसरण्यात. सगळ्या कमांड हिरव्या दिसतात, आणि रीबूट केल्यावर परत तोच काळा स्क्रीन.

आम्ही /बूट चं वेगळं पार्टिशनच रद्द केलं. त्यातल्या फाइली बाजूला कॉपी केल्या, पार्टिशन अनमाउंट केलं, मूळ पार्टिशनवरच्या साध्या /बूट फोल्डरमध्ये त्या टाकल्या, एफएसटॅब मधली त्याची ओळ काढली. ईएफआय पार्टिशन परत जोडून आधी ग्रब-इन्स्टॉल, मग अपडेट-ग्रब. या क्रमाने, कारण ग्रबचा फोल्डरच नसेल तर अपडेट-ग्रब मेन्यूची फाइल लिहिणार कुठे?

आकडा जुना की कर्नल जुना?

यूनेम कमांड मारली तेव्हा मला खरा धक्का बसला. कर्नल ५.४ मालिकेतला, तोही दोन वर्षांपूर्वीचा. /बूट भरल्यामुळे एक पॅकेज अर्धवट अडकलं होतं, आणि त्याच्यामागे बाकीची रांग. लॅपटॉप रोज चालत होता, ब्राउझर उघडत होता, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ५.१५ किंवा ५.४ हा आकडा बघून 'किती जुना कर्नल' म्हणणं बरोबर नाही. डिस्ट्रोवाले तोच आकडा ठेवून सुरक्षेच्या दुरुस्त्या मागे आणून बसवतात. उबुंटू २२.०४ चा ५.१५ रोजच्या अपडेटसह चालत असेल तर तो ताजाच. बघायचं ते शेपटाकडच्या आकड्याकडे आणि बिल्डच्या तारखेकडे. आणि आणखी एक: इन्स्टॉल झालेला कर्नल आणि चालू असलेला कर्नल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिना-महिना झाकण पाडून स्लीपवर ठेवणाऱ्यांकडे डिस्कवर नवा आणि मेमरीत जुना असा प्रकार हमखास असतो. (मी स्वतः त्यातलाच.)

जुना राहिला तर बिघडतं काय? एक उदाहरण: सीव्हीई-२०२४-१०८६. नेटफिल्टर या कर्नलच्या भागातली चूक, ३.१५ आवृत्तीपासून आत बसलेली. साध्या युजरला रूट बनवणारी. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या सिसा या संस्थेने तिला 'प्रत्यक्ष वापरात असलेल्या' त्रुटींच्या यादीत टाकलं. दुरुस्ती त्याआधीच आली होती. बहिणीच्या लॅपटॉपवर मात्र ती कधी उतरलीच नाही.

शिवाय कर्नलच्या जगातला काळही आक्रसलाय. पूर्वी एलटीएस कर्नलला सहा वर्षं सांभाळायचे. २०२३ मध्ये जाहीर झालं की यापुढे दोन वर्षं. कारण सरळ आहे: जुने कर्नल सांभाळणारी माणसं मोजकी आणि थकलेली, आणि ते वापरणारेही फारसे उरलेले नाहीत. ५.४ नोव्हेंबर २०१९ चा, त्याला डिसेंबर २०२५ पर्यंतच मूळ आधार. उबुंटू २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट तर मे २०२५ मध्येच संपला. उबुंटू प्रो घरगुती वापरासाठी पाच मशीनपर्यंत फुकट आहे आणि त्यात पुढची वर्षं मिळतात, पण ते चालू करावं लागतं.

किल्ली कोणाकडे?

बहीण एका बाबतीत सुदैवी ठरली: तिच्या लॅपटॉपवर विंडोज नव्हतं. कारण तिचं शिमही तितकंच जुनं होतं.

सिक्युअर बूट चालू असेल तर फर्मवेअर फक्त सही असलेला प्रोग्राम चालवतं, आणि बाजारातल्या बहुतेक मशीनवर ती सही मायक्रोसॉफ्टची लागते. म्हणून लिनक्सवाल्यांनी शिम काढला: मायक्रोसॉफ्टने सही द्यायची ती या छोट्या प्रोग्रामवर, आणि पुढे ग्रब व कर्नल डिस्ट्रोच्या स्वतःच्या किल्लीने तपासायचे. २०२० मध्ये ग्रबमध्ये बूटहोल नावाची त्रुटी सापडली. सदोष ग्रब बाद करायचे तर प्रत्येकाची ओळख फर्मवेअरच्या काळ्या यादीत टाकावी लागली: ३ सर्टिफिकेटं आणि १५० हॅश. यादीसाठी जागा साधारण ३२ केबी, त्यातले १० केबी एका फटक्यात गेले. असं दोन-तीनदा झालं असतं तर जागाच संपली असती.

म्हणून एसबॅट आलं. प्रत्येक भागाला पिढीचा क्रमांक. 'अमुक पिढीच्या खालचा ग्रब चालणार नाही' एवढंच फर्मवेअरच्या स्मृतीत लिहायचं. कल्पना छान आहे. पण १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने ही किमान पिढी वर नेली, २०२२ मधल्या ग्रबच्या एका त्रुटीसाठी. ड्युअल बूट मशीनना हात लावणार नाही असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं होतं, पण काही ठिकाणी ड्युअल बूट ओळखूच आलं नाही. जगभरातल्या लोकांना लिनक्सऐवजी 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' आणि 'समथिंग हॅज गॉन सीरियसली रॉंग' दिसलं. जुने लाइव्ह पेनड्राइव्हही चालेनात, म्हणजे दुरुस्तीचं हत्यारच बाद. उपाय होता तो असा: सिक्युअर बूट तात्पुरतं बंद, लिनक्समध्ये जाऊन मोकयुटिलने एसबॅट धोरण पुसणे, शिम अपडेट, आणि मग सिक्युअर बूट परत चालू. मायक्रोसॉफ्टने प्रश्न पूर्ण सुटल्याचं सांगितलं ते मे २०२५ मध्ये. नऊ महिने.

दोष कोणाचा? माझ्या मते दोघांचाही, पण समान नाही. शिम वर्षानुवर्षं न बदलणं ही आपली चूक. पण माझ्या मशीनवरचं दुसरं काय चालावं हे मला न विचारता ठरवणं ही त्याहून मोठी.

आता पुढची तारीख. शिमवर सही करणारं मायक्रोसॉफ्टचं २०११ चं सर्टिफिकेट जून २०२६ मध्ये संपतंय. व्हॉट्सॲपवर 'जूननंतर लिनक्स चालणार नाही' असं फिरायला लागलंय, ते खोटं. आधीच सही झालेला शिम चालत राहील, कारण फर्मवेअर सहसा मुदत तपासतच नाही. अडचण वेगळी आहे: पुढे येणाऱ्या नव्या शिमवर २०२३ च्या सर्टिफिकेटची सही असेल, आणि ज्या मशीनच्या फर्मवेअरमध्ये ते नाही, तिथे नवा शिम चालणार नाही. म्हणजे पुढची सुरक्षा दुरुस्ती तुमच्यापर्यंत पोचायचा रस्ता बंद.

आणि हे नेमकं कोणाला भोवणार? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, ते नसलेले लॅपटॉप आता लिनक्सकडे वळतायत. चांगलंच आहे, मीही लोकांना तेच सांगतो. पण हेच ते जुने लॅपटॉप, ज्यांना कंपनीकडून फर्मवेअर अपडेट येण्याची शक्यता सगळ्यात कमी.

तपासायला दोन मिनिटं लागतात. मोकयुटिलला फर्मवेअरची डीबी यादी दाखवायला सांगा आणि त्यात 'मायक्रोसॉफ्ट यूईएफआय सीए २०२३' हे नाव शोधा. नसेल तर एफडब्ल्यूअपडीएमजीआर ने अपडेट मिळतंय का बघा. सर्टिफिकेटं त्या मार्गानेही येतात. तेही नसेल तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवर बायोस अपडेट शोधायचं. तिथेही काही नसेल, तर पुढे कधीतरी सिक्युअर बूट बंद करून चालवायचा निर्णय घ्यावा लागेल. घरातून न हलणाऱ्या मशीनसाठी मला तो मान्य आहे. कॉलेजात, बसमध्ये, हॉस्टेलवर फिरणाऱ्या लॅपटॉपसाठी तितकासा नाही.

बहिणीचा लॅपटॉप आधी २२.०४ वर आणि मग २४.०४ वर नेला, एक अख्खा रविवार गेला. कर्नल आता ६.८. डीबी यादीत मात्र २०११ चंच नाव आहे, आणि कंपनीच्या साइटवरचं शेवटचं बायोस २०२१ चं. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "दादा, प्रबंध मार्चमध्ये जमा करायचाय. जूनचं जूनमध्ये बघू." बॅकअप मात्र आता दर रविवारी घेते, आणि घेतला की मला फोटो पाठवते.